हेडफोन जातो कुठून?

“मामा, माझा उजवा कान गेला.” एप्रिलातल्या एका रात्री साडेदहाला भाचीचा लातूरहून फोन आला आणि मी गादीवरून उठूनच बसलो. आत्ता निघालो तर गाडी मिळेल का, कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं, एवढं सगळं डोक्यात येऊन गेल्यावर ती पुढं म्हणाली, “डावा चालूय. उजवा वायर पिळून धरली की वाजतो, सोडली की बंद.” गेला होता तो हेडफोनचा कान. दीड वर्षातला तिसरा.

लातूरला शिकायला पोर ठेवलेल्या घरात हेडफोन ही चैन राहत नाही. एका खोलीत तीन कॉट, तीन मुली आणि तिघींचे तीन मास्तर तीन मोबाइलमधून एकाच वेळी बोलणार. क्लास, कॉलेज झालं की रेकॉर्ड केलेली लेक्चरं, टेस्टची सोल्युशन्स, झोपेपर्यंत तेच. दिवसाचे पाच-सहा तास ती पट्टी डोक्यावर असते. लातूरच कशाला, आमच्या नांदेडात भाग्यनगर-श्यामनगरच्या बाजूला संध्याकाळी चक्कर मारली तरी निम्म्या पोरांच्या गळ्यात काही ना काही लोंबताना दिसतं. हौसेनं गाणी ऐकणारा माणूस तासभर वापरून ठेवून देतो. ही पोरं त्याच्या पाचपट घासतात. त्यामुळे त्यांच्या हेडफोनचा हिशेब वेगळा असतो, आणि नेमका तोच खोक्यावर छापलेला नसतो.

भाचीचे तिन्ही हेडफोन साडेचारशेच्या आसपासचे. “आपलं बजेट पाचशेच्या आत,” असं आम्ही मोठ्या काटकसरीनं म्हणत राहिलो आणि दीड वर्षात साडेतेराशे घालवून बसलो. चौथा घेण्याआधी हे तिघं कशानं गेले ते तरी बघू, म्हणून ती सुट्टीला नांदेडला आली तेव्हा तिन्ही एका पिशवीत घातले आणि वजिराबादेतल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

त्यानं हेडफोनकडं बघितलंच नाही. आधी पिन हातात घेतली. पिनेवर तीन काळ्या रेघा आणि त्यांनी पाडलेले चार भाग असतात: टोक डाव्या कानाचं, त्यामागची कडी उजव्याची, मग दोघांची मिळून एक कॉमन आणि सगळ्यात मागं माइक. (जुन्या काही फोनांत शेवटच्या दोघांची अदलाबदल असायची, म्हणून एकाचा हँड्सफ्री दुसऱ्याला चालत नसे.) मीटरची एक तार त्यानं कडीला लावली, दुसरी उजव्या कानात, आणि वायर पिनेजवळ हळूच वाकवली. मीटर बीप करायचा, थांबायचा, पुन्हा बीप. “इथंच आहे सर,” म्हणत त्यानं ब्लेडनं रबर सोललं.

आत केसांसारख्या तारांच्या चार रंगीत जुड्या होत्या. बाकीच्या तीन धडधाकट, लाल तेवढी पिनेपासून अर्ध्या बोटावर तुटलेली. या तारांना प्लॅस्टिकचं कवच नसतं. अंगावर लाखेसारखा पातळ रंगीत थर असतो, तेच त्यांचं इन्सुलेशन. घरी कुणी हौशी माणूस तार उघडी दिसते म्हणून थेट सोल्डर मारायला जातो आणि सोल्डर काही धरत नाही, त्याचं कारण हा थर. त्यानं लायटरची ज्योत क्षणभर दाखवली, तांब्यात गुंफलेला नायलॉनचा धागा काळा होऊन आकसला, तो नखानं झटकला, टोक राळेत बुडवलं आणि नवी पिन जोडली. दहा मिनिटं, साठ रुपये. उजवा कान परत आला.

दुसऱ्या हेडफोनची गंमत वेगळी होती. त्यात गाणं लावलं की वाद्यं ऐकू यायची आणि गाणारा गायब. भाची म्हणाली, गाणी निदान अशी तरी येतात, लेक्चर लावलं की काहीच येत नाही. तिला वाटत होतं लेक्चरच्या अ‍ॅपमध्ये बिघाड आहे. तुटली होती ती कॉमन तार. ती गेली की दोन्ही कान एकामागोमाग एक जोडल्यासारखे होतात आणि डाव्या-उजव्या आवाजात जो काही फरक असेल तेवढाच ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे तो वजा होऊन जातो. लेक्चर तर बहुतेक एकाच माइकवरचं, दोन्हीकडं तंतोतंत सारखं, वजाबाकी शून्य. सर हातवारे करताहेत आणि कानात शांतता! तुमच्या हेडफोनमधून कधी अशी करिओकी ऐकू आली तर अ‍ॅपला शिव्या देऊ नका, पिन हलवून बघा.

तिसऱ्याचा प्लॅस्टिकचा दांडा मोडला होता आणि कानाच्या गादीचं काळं कातडं सोलून हातात येत होतं. त्यानं तोही उघडला, पडदा बोटानं किंचित दाबला, मीटर लावला. “चकत्या तिन्हीच्या चांगल्या आहेत,” म्हणाला.

मला त्या दिवसाची खरी कमाई हे एक वाक्य वाटतं. ज्या चकतीतून आवाज निघतो, तिला कंपनीवाले ड्रायव्हर म्हणतात. एक लोहचुंबक, त्याच्या फटीत तरंगणारं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा. फोनकडून येणारा प्रवाह वेटोळ्यातून कमी-जास्त होतो, वेटोळं मागं-पुढं सरकतं, पडदा हवा ढकलतो. त्यात घासणारं, फिरणारं काही नाही. घामानं, मारानं किंवा अति आवाजानं बिघडतो, पण साध्या वापरात तो वर्षानुवर्षं टिकतो. आणि खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय असतं? “४० एमएम ड्रायव्हर”. त्याखाली “२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ”, जो आकडा चारशेच्या आणि चाळीस हजाराच्या हेडफोनवर बऱ्याचदा सारखाच असतो, कारण तो मुळात तरुण, निरोगी माणसाच्या कानाचा पल्ला आहे. त्या पल्ल्यात कुठं किती उठाव आहे हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आपण आवाजाचे पैसे मोजतो आणि हेडफोन जातो तो वायरीनं, गादीनं, दांड्यानं नाही तर बॅटरीनं. विकत घेताना नजर या चार जागी ठेवली की निम्मी निवड झाली.

हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथानिएल बाल्डविन नावाच्या माणसानं स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून १९१० मध्ये नौदलाला पाठवले. आवाज नौदलाला पसंत पडला, कुरकुर निघाली ती डोक्यावरच्या पट्टीबद्दल. मग बाल्डविननं चामडं गुंडाळलेल्या दोन तारांची, मागं-पुढं सरकवता येणारी पट्टी केली. शंभरावर वर्षं उलटली, आवाज कुठल्या कुठं गेला, आणि आम्ही वजिराबादेत पट्टीबद्दलच बोलत उभे होतो.

वायरीचं आधी. पिनेजवळ आणि कानात शिरते तिथं वायर रोज शेकडो वेळा वाकते. तिथं रबराची लांबट, खाचा पाडलेली शेपटी असेल तर वाकणं पसरतं. नसेल तर सगळा ताण एका बिंदूवर येतो. पिन सरळ की एल आकाराची हे फोन कुठं असतो त्यावर ठरवावं. फोन खिशात उभा राहत असेल तर एल बरी, टेबलावर आडवा असेल तर कुठलीही. वर सुताची वेणी घातलेली वायर दिसायला दणकट असते, गुंता कमी होतो हे खरं, पण आतली लाल जुडी तेवढीच बारीक असते. वेणीकडं बघून भाळू नये. फोनभोवती वायर करकचून गुंडाळायची सवय मात्र पोरांनी सोडलीच पाहिजे. पुढच्या अर्ध्या बोटाचं मरण तिथंच लिहिलं जातं.

यापेक्षा चांगली युक्ती आम्हाला दुरुस्तीवाल्यानं सांगितली. हेडफोनच्या कानाला छिद्र असावं, म्हणजे वायर कायमची जोडलेली नसून दोन्हीकडं पिन असलेली साधी ऑक्स केबल त्यात घालता यावी. वायर गेली तर वायर बदला, हेडफोन जागेवर. गंमत अशी की ही सोय वायरच्या स्वस्त हेडफोनमध्ये सापडणं कठीण, आणि ब्लूटूथच्या हजार-दीड हजारातल्या बऱ्याच हेडफोनना मात्र ऑक्सचं छिद्र असतं. म्हणजे त्याला दोन जीव. बॅटरी आहे तोवर बिनवायरचा, बॅटरी म्हातारी झाली की वायरचा. फक्त दुकानातच दोन गोष्टी पाहून घ्यायच्या: छिद्र नेहमीच्या साडेतीन मिलिमीटरचं आहे ना, कारण काहींत अडीचचं असतं आणि तसली केबल शोधत फिरावं लागतं, आणि हेडफोन बंद ठेवून ऑक्सवर वाजतो ना, कारण काही मॉडेल बॅटरी असल्याशिवाय वायरवरही बोलत नाहीत. ऑक्सवर माइक सहसा चालत नाही. लेक्चर ऐकायला माइक लागतोच कशाला? घरचा फोन आला की पट्टी काढून कानाला मोबाइल लावावा, आई-बापाशी बोलताना तेवढं करायला हरकत नाही.

नव्या पुष्कळ फोनना ऑक्सचं छिद्रच नसतं. त्याला टाइप-सीचा छोटा जोड मिळतो, पण तोही दोन जातींचा. एकात आवाज तयार करणारी चिप असते, तो जवळपास कुठल्याही टाइप-सी फोनला चालतो. दुसरा नुसता तारांचा जोड; फोनच्या आतून तशी सोय असेल तरच वाजतो, नाही तर मख्ख. दोन्ही दिसायला जुळी भावंडं. आपला फोन खिशातून काढून, लावून, वाजवून मगच पैसे द्यावेत.

आता बॅटरी. खोक्यावर “५० तास” लिहिलेलं बघून लोकांना वाटतं, एवढं कोण सलग ऐकणार? पण तो आकडा सलग ऐकण्यासाठी बघायचाच नाही, तो आयुष्यासाठी बघायचा. लिथियमची बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून-रिकामी झाली की तिची ताकद उतरते. भाचीसारखी रोज सहा तास वापरणारी मुलगी ५० तासांचा हेडफोन वर्षातून जेमतेम ४४ वेळा पूर्ण रिकामा करील. १५ तासांचा असेल तर १४६ वेळा. आणि कानात खुपसायचे ते बड्स, एका दमात पाच तास चालणारे, वर्षाला ४३८ वेळा! म्हणजे बड्सची बॅटरी वर्षभरातच थकायला लागते. त्यांची बॅटरी वाटाण्याएवढी, चिकटवून बंद केलेली, बदलण्याचा प्रश्नच येत नाही. वर एक बड मेसमध्ये, नाही तर एसटीत सांडतो ते वेगळंच. डोक्यावरच्या हेडफोनमध्ये दोन तारांची चपटी बॅटरी असते आणि कानाच्या कडेला स्क्रू दिसत असतील तर कुठलाही बरा कारागीर ती बदलू शकतो. म्हणून दुकानात मी आता हेडफोन उलटा करून आधी स्क्रू शोधतो. दुकानदार विचित्र नजरेनं बघतात, बघोत.

बॅटरीचा दुसरा शत्रू आपल्याकडे फुकट मिळतो. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात. मे महिन्यात नांदेडची नुसती सावलीतली हवा ४२-४३ पर्यंत जाते. पत्र्याच्या खोलीत, खिडकीतल्या उन्हात चार्जिंगला लावलेला हेडफोन किती तापत असेल याचा विचार करा. लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडपेक्षा उंच, म्हणून तिथं थोडं सुसह्य असतं एवढंच. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करावं. आणि चार्जिंगचं छिद्र टाइप-सीच हवं. जुन्या मायक्रो-यूएसबीची जीभ बारीक असते, अंधारात उलटी खुपसली की ढिली होते. युरोपात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्यानं विकल्या जाणाऱ्या हेडफोनांनाही टाइप-सी सक्तीचं आहे. आपल्याकडे उरलासुरला मायक्रोचा माल “ऑफर” म्हणून खपवतात, तेवढं बघून घ्यावं.

आराम ही गोष्ट मात्र कुठल्याच आकड्यात नीट मावत नाही. वजन छापलेलं असतं, ते वाचावं. दीडशे ग्रॅमचा आणि तीनशे ग्रॅमचा यांतला फरक दुकानात कळत नाही, चौथ्या तासाला मानेला कळतो. सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच५२० या मॉडेलचं वजन १४७ ग्रॅम आहे, हा आकडा तुलनेसाठी लक्षात ठेवण्यासारखा. पण हलका हेडफोनही चिमटा घेणारा निघू शकतो. पट्टी दोन्ही बाजूंनी डोकं दाबून धरते ती पकड फार असली की कानाच्या पाळ्या दुखतात, आणि चष्मा असेल तर विचारूच नका. भाचीला चष्मा आहे. चष्म्याची काडी आणि गादी यांच्या मध्ये कानामागचं हाड सापडतं. तिच्या पहिल्या हेडफोनमुळे ती दर तासाला चष्मा काढून लेक्चर ऐकायची, म्हणजे फळा दिसायचा नाही, आणि फळ्यासाठी चष्मा घातला की सर ऐकवायचे नाहीत.

गाद्या दोन प्रकारच्या. एक कानावर बसते, दुसरी कानाला वेढून डोक्यावर टेकते. दुसरी जास्त आरामाची, पण स्वस्तात “ओव्हर इअर” म्हणून जे विकतात त्यातल्या कित्येकांच्या गादीचं आतलं भोक चार-साडेचार सेंटिमीटरचं असतं. मी भाचीचा कान कंपासमधल्या पट्टीनं मोजला, भरला सहा सेंटिमीटर. (ती हसत सुटली, पण मोजू दिला.) म्हणजे वेढणारी म्हणून घेतलेली गादी शेवटी कानावरच बसणार. तुमच्याही घरात पट्टी असेलच.

दुकानात हेडफोन दोन मिनिटं घालू देतात. दोन मिनिटांत सगळेच हेडफोन आरामाचे असतात. शक्य असेल तर कुणा मैत्रिणीचा तोच हेडफोन तासभर घालून बघावा. पकड जरा जास्त वाटली आणि पट्टीत धातूची पात असली तर रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवावा. डोक्यापेक्षा बोटभर रुंद गठ्ठा पुरे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या पुस्तकांचा हा एक उपयोग तरी खात्रीचा. पट्टी नुसत्या प्लॅस्टिकची असेल तर हा प्रयोग करू नये, कडकन आवाज येतो. दांडा मोडतो तो घडीच्या बिजागरीत, त्यामुळे घडी न होणारा साधा हेडफोन पिशवीत जागा खाईल पण जास्त टिकेल. बिजागरीवर यापेक्षा जास्त बोलण्यासारखं काही नाही.

गादीचं कातडं हा आपल्या हवेतला सगळ्यात दुखरा भाग. ते चामडं नसतं, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर असतो. ओल आणि उष्णता मिळून या थराची रासायनिक वीण उसवतात, तो आधी चिकट होतो, मग भुगा होऊन गळतो. आपल्याकडे घाम आहेच, त्यात खोबरेल तेलाची वेणी घालणारी पोर असली की गादी वर्षभरात बोलायला लागते. भाचीच्या कानाभोवती काळे कण बघून मेसवाल्या मावशीनं तिला डोकं धुवायला सांगितलं होतं म्हणे. उपाय दोन. घेतानाच कापडी किंवा मखमली गादीचा बघावा, नाही तर कातडी गादीवर पातळ सुती खोळ चढवावी. माझ्या बहिणीनं जुन्या सुती मोज्याचा वरचा भाग कापून, कडेला इलॅस्टिक घालून दोन खोळी शिवल्या. आठवड्याला धुतात. आवाजात उन्नीस-बीस होत असेल, मला तरी ओळखता आलं नाही.

खरं तर मराठवाड्याच्या उन्हाळ्याला सगळ्यात योग्य हेडफोन जुन्या वळणाचा, उघड्या फोमचा. १९६८ मध्ये सेनहायझरनं पिवळ्या स्पंजचा एचडी ४१४ काढला, १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनबरोबर तसलाच हलका फोमचा आला, आणि कॉसचा १९८४ मधला पोर्टा प्रो अजून त्याच रूपात विकला जातो. कानाला हवा लागते, घाम धरत नाही, फोम मळला तर नवा मिळतो. अडचण एकच: उघडा असल्यामुळे आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. एकटीची खोली असेल तर हाच घ्या असं मी बिनदिक्कत सांगेन. तीन कॉटच्या खोलीत शेजारची पहिल्याच रात्री उठवून बसवील.

आणि खोलीत कूलर असतोच. इथं एका फसव्या अक्षराबद्दल सांगायला हवं. खोक्यावर “ईएनसी” लिहिलेलं असतं, लोक ते “एएनसी” समजून घेतात. ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलत असताना तुमच्या मागचा गोंगाट पलीकडच्याला कमी जावा अशी माइकची सोय. तुमच्या कानाला तिचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या कानातला गोंगाट कमी करते ती एएनसी: बाहेरचा आवाज माइकनं टिपून त्याच्या उलटी लाट आत सोडते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. ती कूलरची, पंख्याची, एसटीच्या इंजिनाची एकसुरी घरघर छान कापते. शेजारणीच्या गप्पा मात्र फारशा कापत नाही. दीड हजारात चांगली एएनसी शोधण्यापेक्षा कूलर पलंगापासून दोन हात लांब सरकवणं स्वस्त पडतं, असं माझं मत आहे. नुसती नीट बसलेली बंद गादीही बराच आवाज अडवते.

हा गोंगाट महत्त्वाचा एवढ्यासाठी की त्याच्यावर मात करायला पोरं आवाज चढवतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: मोठ्या माणसानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. भाची आठवड्याला ४२ तास ऐकते, म्हणजे ८० डेसिबलवरच ती काठ ओलांडून गेली आहे. ८३ केले तर २० तासांत कोटा संपला, ८६ केले तर १० तासांत. म्हणजे सोमवारी सुरू झालेला आठवडा मंगळवारीच संपणार. डेसिबल घरी नेमके मोजणं अवघड, पण खूण सोपी आहे: हेडफोन घातलेला असताना हातभर अंतरावरच्या माणसाचं साधं बोलणं अजिबात कळत नसेल, तर आवाज जास्त आहे.

“एक्स्ट्रा बेस”वरही याच कारणासाठी फुली मारावी. मास्तरांच्या बोलण्यात स, श, त, ट, क ही व्यंजनं ओळखू येतात ती वरच्या पट्टीच्या आवाजांवरून. खालचा दणका वाढवला की ती झाकली जातात, बोलणं घागरीतून आल्यासारखं होतं, आणि कळेना म्हणून पोरगी आवाज आणखी चढवते. दुकानात ऐकवताना डीजेचं गाणं लावतात. आपण आपल्या मोबाइलवर त्याच सरांचं लेक्चर लावायला सांगावं.

घ्यायचा कुठून? ऑनलाइन घ्या नाही तर लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या भोवतालच्या दुकानातून, पक्कं बिल घ्या. नामांकित कंपनीचं नाव आणि चौथाई किंमत दिसली की ती फर्स्ट कॉपी. दुकानदारही फारसं लपवत नाही, “कंपनीसारखाच” म्हणतो, त्या “सारखाच”मध्ये सगळं आलं. बिनवायरच्या हेडफोनवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघता येतं. वॉरंटी वर्षाची लिहिलेली असते, पण ती वापरायची कशी हे आधी विचारावं. आपला पिनकोड सांगायचा, लातूरचा ४१३५१२ किंवा नांदेडचा ४३१६०१, आणि घरून उचलून नेतात की पुण्या-हैदराबादला आपल्या खर्चानं पाठवायचा ते स्पष्ट करून घ्यायचं. साडेचारशेच्या वस्तूला दीडशेचं कुरिअर करून वॉरंटी कोण वापरणार?

तरी अडलंच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विकणारा बेंगळुरूचा असो की दिल्लीचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. दीड हजाराच्या वस्तूसाठी कुणी आयोगात जात नाही हे खरं, पण तक्रारीत हे कलम नुसतं लिहिलं तरी पलीकडच्याची भाषा बदलते, हा माझा एका मिक्सरच्या बाबतीतला अनुभव.

आम्ही शेवटी घेतला तो चौदाशे रुपयांचा. कानाला वेढणारा, घडी न होणारा, ऑक्सचं छिद्र असलेला, टाइप-सीचा, कडेला चार स्क्रू. रंग भाचीला हवा होता तसला नव्हता, त्यावरून थोडं फुरंगटून झालं. नांदेड ते लातूर एसटीत लोहा, अहमदपूर, चाकूर करत तीन-साडेतीन तास लागतात. तेवढा वेळ तिनं तो सलग घालून बसायचं आणि उतरल्यावर कळवायचं, दुखला तर परत करायच्या मुदतीत परत, असं ठरलं. अहमदपूरच्या थांब्यावरून मेसेज आला: “चष्म्याची उजवी काडी टोचतेय.” मी लिहिलं, काडी गादीच्या वर सरकव. चाकूरला पुन्हा मेसेज: “आता ठीक.”

नवी पिन लावलेला जुना हेडफोन माझ्याकडे आहे. पिनेवर दुरुस्तीवाल्यानं गरम केल्यावर आक्रसणारी काळी नळी चढवून दिली, ती अजून घट्ट आहे. दसऱ्याच्या आदल्या रात्री मी तोच घालून पडलो होतो तेव्हा लातूरहून फोन आला, पुन्हा साडेदहालाच. “मामा,” ती म्हणाली, “कान दोन्ही चांगले आहेत. चष्मा मोडला.”